सात नंबरची दोरी

"हिला हात लावायचा नाही." बाबालालचाचांनी सात नंबरच्या दोरीला तांबड्या सुताची गाठ मारली. "नवी येईपर्यंत ही नाहीच असं समज."

"आणि नवी कधी येणार?"

"मुंबईला लिहून महिना झाला. येईल तेव्हा येईल. तोवर नऊ जोड्यांत भागव, शालन."

मी मान हलवली आणि वहीत सही केली. सही करायची, कारण दप्तरदारसाहेबांचा तसा लेखी हुकूम होता. साहेब आमच्या इस्पितळाचे व्यवस्थापक. चार दिवसांपूर्वी मोठ्या डॉक्टरांचा पुण्याशी चाललेला फोन त्याच दोरीवर मधेच तुटला होता. तेव्हा साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की बंद केलेली दोरी जो वापरेल त्यानं दुसऱ्या दिवशी कामावर यायची तसदी घेऊ नये. हे मलाच होतं. दिवसपाळीला बोर्डवर दुसरं कुणी नव्हतंच.

ही गोष्ट १९७७च्या जानेवारीतली. मी तेवीस वर्षांची. आमच्या तालुक्याच्या गावात एका ट्रस्टचं शंभर खाटांचं इस्पितळ होतं. तिथं टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागून मला दहा महिने झाले होते. वर्ष भरलं की कायम करणार होते. वडील सूतगिरणीतून घरी बसलेले, अर्धांगानं उजवी बाजू गेलेली. पाठच्या दोघी बहिणी शाळेत. मी कामावर निघाले की आई दारापर्यंत यायची आणि रोज एकच सांगायची, "साहेबांना उलट बोलू नको."

बोर्ड म्हणजे एक उभं लाकडी कपाटच. पुढच्या बाजूला भोकांच्या रांगा, प्रत्येक भोक एकेका वॉर्डाचं. खाली दहा जोड्या दोऱ्या, टोकाला पितळी प्लग. बाहेरून फोन आला की वरची झडप खटकन पडायची. जोडीतली एक दोरी तिथं खुपसायची, कोण हवंय ते विचारायचं, आणि दुसरी दोरी त्या वॉर्डाच्या भोकात घालायची. कॉर्ड हा शब्द साहेबांचा. बाबालालचाचा दोरी म्हणायचे, म्हणून मीही.

चाचा रेल्वेच्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. मंगळवारी आणि शनिवारी खाकी पिशवी घेऊन यायचे आणि बोर्डच्या पाठीमागची फळी काढून आत बसायचे. वॉर्डातले काळे फोनही तेच बघायचे. त्या फोनांच्या दोऱ्यांना तपकिरी कापडी वेणी असे. ती कुठं पेशंटच्या पोरांनी ओढलेली, कुठं खाटेच्या पायाखाली चिरडलेली. "दोरी वरून कधी मरत नाही," असं ते म्हणायचे. आत साधी तार नसते. सुताच्या धाग्यावर तांब्याची केसासारखी पातळ फीत गुंडाळलेली असते, म्हणून ती इतकी वळते. प्लगपाशी रोज शंभरदा वाकून ती फीत तुटते. वरून काही दिसत नाही. कधी चिकटते, कधी सुटते. बोलणं चाललेलं असतं, आणि एकदम काहीच नाही.

दुरुस्ती म्हणजे ते टोक कापून टाकायचं, नवं टोक सोलून प्लगच्या स्क्रूखाली बसवायचं आणि वरून मेण लावलेल्या दोऱ्यानं आवळून बांधायचं. दर वेळी दोरी चार बोटं आखूड होते. तीन-चार वेळा कापली की ती भोकापर्यंत पोचत नाही. मग नवीच घालावी लागते. सात नंबरची चारदा कापून झाली होती.

मी आज बहात्तर वर्षांची आहे आणि अजून हेच काम करते. लोक आजोबांचे काळे फोन माळ्यावरून काढून आणतात, दिवाणखान्यात ठेवायला. त्यांना तशीच तपकिरी कापडी दोरी हवी असते. बहुतेकांचे फोन कुठं जोडायचेच नसतात, तरी मी मीटर लावून, प्लगपाशी दोरी वीस वेळा वाकवून बघितल्याशिवाय देत नाही. "आजी, नुसतं शोभेला आहे हो," म्हणतात. बसा म्हणते, वेळ लागेल.

चाचांनी ती गाठ मारली त्यानंतरचा गुरुवार होता. सकाळचे साडेअकरा, तपासणीची गर्दी. एकीकडं मेट्रन रक्ताच्या बाटल्यांसाठी ओरडत होत्या, दुसरीकडं औषधांच्या दुकानाचा फोन लागत नव्हता. तेवढ्यात बाहेरची झडप पडली. माझा हात सवयीनं समोरच्या दोरीवर गेला. प्लग आत गेल्यावर तांबडं सूत दिसलं. काढून दुसरी लावता आली असती. एका मिनिटाचं काम आहे, म्हणून तशीच ठेवली.

"हॅलो, इस्पितळ."

"बेलदरीच्या पोस्टातनं बोलतोय." माणूस ओरडून बोलत होता. फोनवर कधी न बोललेली माणसं तशी ओरडतात. "सोजराबाई वाघमोडे म्हनून हाय तितं. पोटाचं आपरेशन झालंय. मी तिचा मालक, श्रीपती. कशी हाय ती?"

घरी सोडलेल्या पेशंटांची यादी माझ्यासमोरच होती. पहिलंच नाव तिचं. तिचा भाऊ सकाळी सातला येऊन तिला घेऊन गेला होता.

"सोजराबाई ना?" मी म्हणाले. "त्या सकाळीच गेल्या हो. घरी. भाऊ आले होते न्यायला."

पलीकडून काही उत्तर आलं नाही. "हॅलो," मी म्हणाले. "हॅलो, ऐकू येतंय का?" प्लग हलवला. खरखर झाली, लाइन जागी झाली, पण पलीकडं फोन खाली ठेवलेला होता.

कुठं तुटलं ते मला कळलं नव्हतं असं म्हणता येईल. पण कळलं होतं. 'गेल्या हो' म्हणाले तेव्हा कानात माझाच आवाज घुमत होता, आणि 'घरी' म्हणताना तो घुमायचा थांबला होता. बोर्डवर बसणाऱ्याला ते कळतं.

बेलदरी पन्नास मैलांवर. तिथल्या पोस्टाला उलट फोन लावायचा तर ट्रंककॉल नोंदवावा लागणार, वहीत कारण लिहावं लागणार, आणि ती वही संध्याकाळी साहेबांच्या टेबलावर जाणार. दुपारपर्यंत ती बाई घरी पोचेलच, मग काय बिघडतंय, असं मी मनाशी म्हटलं. मग पुन्हा झडप पडली.

बारा दिवसांनी, मंगळवारी, नव्या दोऱ्या आल्या. बाबालालचाचा बोर्डच्या मागं बसून सात नंबरची जुनी दोरी काढत होते. दुपारी माझ्या खिडकीशी एक बाई येऊन उभी राहिली. तिशीची, बारीक, हिरव्या चोळीच्या बाह्या दंडावर सैल झालेल्या. एक हात पोटावर धरलेला.

"फोनवरच्या बाई तुमीच का?"

"हो. कुठं लावायचाय?"

"लावायचा न्हाय. मी सोजराबाई वाघमोडे, बेलदरीची. टाकं काढाय आलते." तिनं मागं वळून पाहिलं. फाटकापाशी एक माणूस घोंगडं खांद्यावर टाकून उभा होता. "मालक हायत. त्येंना म्हनलं, तितंच थांबा. मला तुमास्नी एक इचारायचंय."

तिच्या पाठीमागे, व्हरांड्याच्या पलीकडं, साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं. साहेब आत कुणाला तरी पत्र सांगत होते.

"मी घरी गेले त्या दिवशीचं सांगते," ती म्हणाली. "भाऊ नि मी एष्टीतनं उतरलो, तर घरापुढं ही गर्दी. मला वाटलं, सासू गेली. आजारीच हुती. मी तितनंच पदर तोंडाला लावला आनि रडत निघाले. पुढनं बायका, म्हनून मागल्या अंगानं परड्यात आले. तितं थोरला दीर नि दोन म्हातारी मानसं बसल्याली. दीर म्हनत हुता, पोरीला आई पायजेल, हिरालाच मागनी घालू, घरातल्या घरात हुईल. हिरा माझी धाकटी भन."

तिला उभं राहवत नव्हतं. मी स्टूल देऊ का विचारलं, तिनं मान हलवली.

"तवा मला कळलं, मयत माझं हाय. आमचे मालक तितंच बसल्यालं, खाली मुंडी घालून. व्हय म्हनलं न्हाईत, न्हाय म्हनलं न्हाईत. भाऊ 'आरं ही काय' म्हनून वरडला तवा समद्यांनी वर बघितलं. घरात माझी पेटी उघडल्याली, हिरवं लुगडं काढून ठिवल्यालं, माझ्या अंगावर घालाय. माझी पोर, नऊ वर्सांची, मला बघून किंचाळली. दोन दिस जवळ आली न्हाय."

"अरेरे," मी म्हणाले.

"लगनाला अकरा वर्सं झाली. एकच पोरगी. दोन वर्सं झालं सासूचं चाललंय, दुसरी करा म्हनून. मालक कवा कायी बोललं न्हाईत. मला वाटायचं, मनात न्हाय म्हनून बोलत न्हाईत." तिनं खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला. "समदी म्हनत्यात, चुकून झालं, इसरून जा. इसरीन की. पर मालक म्हनत्यात, फोनवरच्या बाईनंच गेली म्हनून सांगितलं. असं कोन कसं सांगंल? तुमी काय म्हनला हुता? शबूद न शबूद सांगा, बाई."

आत साहेबांचं पत्र संपलं होतं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी म्हणाले, त्या सकाळीच गेल्या, घरी. भाऊ न्यायला आले होते."

"घरी म्हनला?"

"हो."

"सपष्ट?"

"स्पष्ट."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. तिला ते उत्तर नको होतं. ते तेव्हाही दिसत होतं आणि आजही दिसतं. ती ज्यासाठी पन्नास मैल पोटावर हात धरून आली होती ते वेगळंच उत्तर होतं.

"पोस्टातला मास्तर म्हनत हुता, कवा कवा मधीच तुटतं," ती म्हणाली. आवाज अगदी हळू झाला होता. "तसं कायी झालं हुतं का? नीट आठवा. मधी तुटलं हुतं का?"

साहेब दारात येऊन उभे राहिले होते. "काय आहे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही साहेब," मी म्हणाले. आणि तिला म्हणाले, "नाही. तुटलं नव्हतं."

तिनं चौकटीवरचा हात काढून घेतला. "म्हंजे घरी म्हनलं, ते त्येंच्या कानात शिरलंच न्हाय," ती म्हणाली. मला नाही, स्वतःला सांगितल्यासारखं. मग पदर सारखा करून फाटकाकडं चालू लागली. तो माणूस पुढं आला आणि तिच्या हातातली पिशवी घ्यायला त्यानं हात केला. तिनं ती दिली नाही.

साहेब आत गेले. बोर्डच्या मागून बाबालालचाचा बाहेर आले. ते तिथं आहेत हे मी विसरले होते. त्यांच्या हातात सात नंबरची जुनी दोरी होती, प्लगपाशी उभी चिरलेली.

"बघ," ते म्हणाले. फीत तीन ठिकाणी तुटली होती. तुटलेली टोकं काळी पडली होती. "त्या दिवशी वापरलीस?"

मी समोरची वही पुढं ओढली.

"शालन, त्यांची एष्टी सव्वातीनला आहे. आता कुठं अडीच वाजलेत. बोर्डवर मी बसतो. जा."

"साहेब आत्ताच—"

"साहेबांना मी सांगतो. दोरी माझी जबाबदारी, महिनाभर नवी आणता आली नाही म्हणून सांगतो. तू जा बाळ, धावत गेलीस तर दहा मिनिटांत पोचशील."

झडप पडली. मी दोरी लावली. "हॅलो, इस्पितळ." तो फोन झाला, दुसरा आला. चाचा माझ्या खुर्चीशेजारी उभे होते. तीन वाजले. सव्वातीन वाजले. मग त्यांनी ती चिरलेली दोरी एका कागदात गुंडाळून पिशवीत टाकली आणि नवी बसवायला पाठीमागं गेले.

मार्चमध्ये मी कायम झाले. आईनं पेढे वाटले. चाचांनी पेढा घेतला, पण त्या मंगळवारनंतर त्यांनी मला कधी बाळ म्हटलं नाही. त्याच वर्षी त्यांनी मला दोऱ्या बांधायला शिकवल्या. दोऱ्याला मेण कसं लावायचं, स्क्रू किती पिळायचा, शेवटची गाठ आत कशी ओढून घ्यायची, सगळं मन लावून शिकवलं. मात्र शिकवताना त्यांची नजर दोरीवरच असायची.

पुढच्या वर्षी, एप्रिलात, सकाळी नऊच्या सुमाराला खिडकीशी एक जण आला. डोळे तांबारलेले, टोपी हातात. "शेरेवस्तीच्या दूध सोसायटीला फोन लावून द्या," म्हणाला. "माझी बहीण वारली रात्री. गाडी मागवायची हाय."

"नाव?"

"माझं मारुती. बहिणीचं सोजरा. सोजराबाई वाघमोडे."

मी नंबर नोंदवला. लाइन लागेपर्यंत तो तिथंच उभा होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "बेलदरीलाही कळवायचं असेल ना? पोस्टात?"

"न्हाय," तो म्हणाला. "तिनंच सांगून ठिवलंय, त्याला कळवायचं न्हाय. वरीस झालं ती माझ्याकडंच हुती. पोरगीबी माझ्याकडंच हाय. त्यानं तिला जित्तेपनी मारली हुती, बाई." मग मला काय ठाऊक असणार, असं वाटून त्यानं मला सगळं सांगितलं, वर्षापूर्वी श्रीपतीनं कसा फोन केला होता, ती मेली म्हणून गावात कसं खोटं सांगितलं. "दवाखान्यातल्या बाईनं घरी गेली म्हनून सपष्ट सांगितलं हुतं. सोजरानं सोता येऊन इचारलं."

त्याचा फोन लागला. मी दोरी जोडून दिली.

दुपारी मी साहेबांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. बंद दोरी वापरली, फोन तुटला, त्या बाईशी खोटं बोलले. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"एवढंच?" ते म्हणाले. "तेव्हाच सांगायचंत. फार तर एक मेमो दिला असता. मी ओरडतो हो, पण माणूस कामावरून काढणं इतकं सोपं असतं का?"

मी बाहेर आले आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी राहिले.

शनिवारी चाचांना म्हणाले, "मी उद्या बेलदरीला जाते." त्यांनी विचारलं नाही कशाला. पिशवीच्या तळातून कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली. सव्वा वर्ष त्यांनी ती तशीच ठेवली होती.

बेलदरी म्हणजे माळावर पन्नास-साठ घरं. श्रीपती वाघमोडे घरामागं मेंढरांच्या वाड्याला काटेरी फांद्या लावत होता. त्याला बातमी लागली होती. डोकं भादरलेलं होतं. मी कोण ते सांगितलं तेव्हा तो उभा राहिला, हात झटकले आणि घोंगडं अंथरून मला बसायला दिलं. स्वतः उकिडवा बसला.

मी पुडी सोडली. दोरी दाखवली, तुटलेली फीत दाखवली. कुठल्या शब्दावर तुटलं ते सांगितलं. मी ते ओळखलं होतं, हेही सांगितलं. त्याची बायको विचारायला आली तेव्हा मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं.

तो पुढं वाकून दोरीकडं बघू लागला. हात लावला नाही.

"म्हंजे घरी म्हनला हुता तुमी," तो म्हणाला.

"हो. पण तुम्हाला ऐकू आलं नाही. येणं शक्यच नव्हतं."

"आलं न्हवतं?"

"नाही."

"खरं सांगताय न्हवं?"

"खरं सांगते."

त्यानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "सव्वा वरीस मी हेच इचारतोय सोताला," तो म्हणाला. "आदी तिला म्हनायचो, न्हाय गं, मला गेली एवढंच ऐकू आलं. ती म्हनायची, बाईनी सपष्ट सांगितलंय. मग मलाबी वाटाय लागलं, आलं असंल ऐकू. आपल्याच मनात पाप असंल, म्हनून कानानं ते गाळलं असंल. कारन दादा हिराचं बोलला तवा मी न्हाय म्हनलो न्हवतो. मला कायी सुचतच न्हवतं, बाई. माझी बायकू मेली हुती. पर न्हाय म्हनलो न्हवतो, ही खरं. ती घर सोडून निघाली तवा मी आडवलं न्हाय. कोनच्या तोंडानं आडवू?"

मी रडायला लागले. त्यानं मला गप्प केलं नाही आणि रागेही भरला नाही. थोड्या वेळानं उठला, तांब्या भरून पाणी आणून दिलं.

"नंदाला सांगाल का?" त्यानं विचारलं. "माझी पोरगी. शेरेवस्तीला हाय, मामाकडं. ती माझ्याशी बोलत न्हाय. मी सांगून पटायचं न्हाय. तुमी सांगा."

दोन कोस आम्ही माळानं चालत गेलो. तो दहा पावलं पुढं, मी मागं. मारुतीनं आम्हाला येताना पाहिलं आणि दारात आडवा उभा राहिला. श्रीपती कुंपणापाशीच थांबला. मी एकटी पुढं गेले.

मारुतीला सांगून झाल्यावर त्यानं मुलीला हाक मारली. दहा वर्षांची, दोन वेण्या, आईसारखीच बारीक. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मी तिला सगळं सांगितलं, लहान मुलीला कळेल असं. तुझ्या बाबांनी खोटं सांगितलं नव्हतं. माझा फोन तुटला होता. चूक माझी होती.

"आईला म्हाईत हाय का ही?" तिनं विचारलं. आई अजून असल्यासारखं 'हाय' म्हणाली.

"नाही. तिला मी सांगितलं नाही."

"का?"

"भ्याले."

"कुनाला?"

दप्तरदारसाहेबांचं नाव घ्यायला तोंड उघडलं, पण ते नाव त्या अंगणात घेण्यासारखं नव्हतं. ती आत गेली. मारुती खाली बघत होता. मग त्यानं टोपी डोक्यावर घातली, कुंपणापर्यंत गेला आणि श्रीपतीसमोर उभा राहिला. दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. बहुतेक काहीच बोलले नाहीत. नंदा त्या दिवशी बाहेर आली नाही. शाळा सुटल्यावर मे महिन्यात ती बापाकडं राहायला गेली, आणि श्रीपतीनं दुसरं लग्न केलं नाही, एवढं मला पुढं त्याच बाजूच्या एका पेशंटकडून कळलं. मी पुन्हा तिकडं गेले नाही.

संध्याकाळची एस्टी शेरेवस्तीच्या फाट्यावरून होती. श्रीपती मला सोडायला आला. कंडक्टरला सांगून त्यानं मला पुढची जागा मिळवून दिली आणि खाली खिडकीपाशी उभा राहिला. गाडी सुटायला वेळ होता.

"बाई," तो म्हणाला, "ती तुमच्याच दवाखान्यात गेली न्हवं?"

"हो."

"किती दिस हुती?"

"आठ दिवस."

"मग तुमी बघितली असंल तिला. शेवटाला कायी बोलली का? माझं कायी?"

त्याचं तोंड वर होतं आणि तो माझ्या ओठांकडं बघत होता. मी काहीही सांगितलं असतं तरी त्यानं ते घेतलं असतं, जन्मभर जपलं असतं. दोन चांगले शब्द सांगायला माझं काही जाणार नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "पहिल्याच दिवशी भरतीच्या यादीत मी तिचं नाव वाचलं होतं. माझ्या डोक्यावरच्याच मजल्यावर होती. मी वर गेले नाही."

त्यानं मान हलवली. ड्रायव्हर चढला. गाडी हलली तसा तो बाजूला झाला आणि माळाच्या वाटेला लागला.